नवतपात टिकेल असा रेडिएटर: जुन्या जिप्सीसाठी निवड कशी केली

गाडी मारुती जिप्सी किंग, एमजी ४१३ डब्ल्यू, १२९८ सीसीचं एमपीएफआय (इंजेक्शनने पेट्रोल सोडणारं) इंजिन. राहते नागपुरात, आणि भर उन्हाळ्यात, नवतपाच्या म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतही, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबाच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर चालते. तिचा रेडिएटर बदलताना काय मोजलं, कोणते पर्याय सोडले आणि का, ते क्रमाने लिहितो आहोत. गाडी जिप्सी असली तरी पद्धत महिंद्रा मेजर, एमएम ५४० किंवा पहिल्या पिढीच्या थारलाही तशीच लागू पडते.

गाडी गरम होते म्हणजे रेडिएटर गेला, असं नाही. आधी पाहायचं ते ती कधी गरम होते. जंगलात वीसच्या वेगाने चालताना किंवा सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, तर हवा कमी पडते आहे. फॅन क्लच (गरम झाल्यावर पंख्याला धरणारा भाग), पंख्याचा पट्टा, काउलिंग (पंख्याभोवतीचं कडं), रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, शोध तिथे घ्यायचा. उलट, चौकात सगळं ठीक, पण मनसरच्या दिशेने ऐंशी-नव्वदला सलग ताणली की काटा वर जातो, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरच्या नळ्या भरल्या आहेत. आमच्या गाडीत दोन्ही लक्षणं होती. जुन्या गाडीत बहुधा असंच असतं, कारण सगळे भाग सोबतच म्हातारे झालेले असतात. म्हणून एकेक कारण वेगळं काढावं लागतं.

फॅन क्लच तपासणं सोपं आहे. गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करायचं आणि पंखा हाताने फिरवायचा. एखाद्या फेऱ्यात थांबला तर क्लच धरतो आहे. मोकळा गरगर फिरला तर आतलं सिलिकॉन तेल गेलं. क्लचच्या तोंडावरच्या स्प्रिंगपाशी धूळ चिकटून काळा चिकट थर दिसत असेल तर गळती तिथूनच. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं तर खेळ जाणवायला नको. वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या बारीक छिद्राखाली पांढरा-हिरवा ओघळ असेल तर तिचं सील संपत आलं आहे. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या गाडीत वॉटर बॉडीची आतली पाती झिजून अर्धी झालेली सापडतात, आणि ते बाहेरून अजिबात कळत नाही. रेडिएटर उतरवणारच असाल तर तीही उघडून पाहा.

हेड गॅसकेटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधल्या सीलची) शंका मात्र सर्वांत आधी फेडायची. थंड गाडीत रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडायच्या आधीच तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा थंड इंजिन चालू केल्याबरोबर वरचा होज (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरला नेणारी रबरी नळी) दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. नवा रेडिएटर घालून ते दुखणं जाणार नाही. जिप्सीच्या या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे एकदा नीट उकळलेल्या गाडीत हेड वाकलं नाही ना, याची खात्री करूनच पुढच्या खर्चाला हात घालावा.

आता नागपूरच्या उन्हाचा हिशेब. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर धरा. जानेवारीत सकाळी हवा २० अंशांवर असते, फरक ७५ चा. मेमध्ये हवा ४५ वर, फरक ५०. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण त्याची ताकद एक तृतीयांशाने गेली. होळीपर्यंत बिनतक्रार चाललेली गाडी रोहिणी नक्षत्र लागून नवतपा सुरू झाला की उकळते, ती याच कारणाने. शहराचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३ चा. निवड त्या दिवसासाठी करायची, एप्रिलमधल्या ढगाळ दुपारसाठी नव्हे.

यासाठी मेची वाट पाहायची गरज नाही, आणि हीच या सगळ्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये हवा साधारण ३८ अंश असताना गाडीवर पूर्ण ओझं टाका: माणसं भरलेली, एसी असेल तर चालू, खालच्या गिअरमध्ये सलग चढ. काटा एका जागी स्थिर झाला की वरच्या होजच्या तोंडाशी तापमान मोजा. त्यातून हवेचं तापमान वजा करा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असेल तर हा फरक हवा कितीही तापली तरी जवळजवळ तेवढाच राहतो. आमच्या गाडीत जुन्या रेडिएटरवर ३८ अंशांना वरचा होज १०४ दाखवत होता. फरक ६६. म्हणजे ४५ अंशांना पाणी १११ वर जाणार, आणि ४७.९ ला ११४ च्या आसपास.

आता झाकण. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवरच्या नागपुरात उघड्या भांड्यातलं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बार दाबाचं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी सुमारे ११८ ला उकळतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल आणि दाब धरतच नसेल, तर ९९ मधून ६६ गेले, उरले ३३: हवा ३३ अंशांवर गेली की ओझ्याखाली गाडी उकळणार. म्हणजे नागपुरात फेब्रुवारीपासूनच. झाकण चांगलं असेल तर तीच सीमा ५२ वर जाते. एवढा फरक एका झाकणाचा, म्हणून आधी ते बदलून मग मोजमाप करावं. मात्र गाडीच्या झाकणावर जो आकडा छापला आहे तोच नवीन झाकणावर हवा. जुन्या, डाख (सोल्डर) दिलेल्या रेडिएटरवर जास्त दाबाचं झाकण बसवलं तर दाब कमजोर जोडातून वाट काढतो, नाहीतर हीटरच्या नळीतून.

तापमान मोजायला हातातली इन्फ्रारेड गन चालते, पण चकचकीत पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमवर ती बरंच कमी दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि गन त्यावर रोखा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर हिशेब मांडू नये. मधल्या बऱ्याच पट्ट्यात तो हलतच नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

त्याच गनने जाळीही तपासता येते. गाडी गरम असताना पुढून उभ्या-आडव्या रेषांत गन फिरवायची. वरून खाली तापमान हळूहळू उतरत जायला हवं. एखादा उभा पट्टा शेजाऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंश थंड निघाला तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. आमच्याकडे दोन्ही कडांच्या नळ्या अशा निघाल्या. रेडिएटर उतरवून खालचं तोंड मोकळं ठेवून वरून नळीने जोरात पाणी सोडलं तेव्हा ते वर साचायला लागलं, आणि मग शंका उरली नाही. चांगल्या रेडिएटरमध्ये जितकं वरून ओतावं तितकं खालून पडतं.

नळ्या भरतात त्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं पाणी. इथल्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी जड असतं, आणि उकळलं की क्षार नळीत बसतो. दुसरं कारण जास्त वाईट: गळती थांबवायला टाकलेली हळद किंवा तयार पावडर. रस्त्यात अडकलेल्या माणसाला हळद घरापर्यंत आणते हे खरं, पण ती नंतर धुऊन काढली नाही तर अरुंद नळ्यांत आणि हीटरच्या कॉइलमध्ये कायमची बसते. अशा रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवणं हा पहिला उपाय आहे, आणि जाळी शाबूत असेल तर तो जरूर करावा. आमच्या रेडिएटरची जाळी मात्र हाताने दाबली की भुग्यासारखी गळत होती. जाळी नळीपासून सुटली की उष्णता नळीतच राहते, सळई मारून काही साधत नाही.

पर्याय चार होते.

पहिला, वर-खालच्या जुन्या पितळी टाक्या ठेवून मधला कोअर (नळ्या आणि जाळी) नवा तांब्या-पितळेचा. दुसरा, अ‍ॅल्युमिनियमचा कोअर आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला तयार रेडिएटर. तिसरा, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, वेल्डिंग करून बनवून घेतलेला. चौथा, दुसऱ्या एखाद्या गाडीचा रेडिएटर कापाकापी करून बसवणं.

चौथा लगेच सोडला. दुसऱ्या गाडीचा रेडिएटर कितीही मोठा असला तरी त्याचं काउलिंग, होजची तोंडं आणि पकडायचे कान वेगळे असतात. काउलिंग जुळलं नाही की पंख्याची हवा जाळीतून न येता बाजूने येते, आणि मोठ्या जाळीचा फायदा तिथेच संपतो. जंगलात होज फाटला तर मिळणारा होजही आपला नसतो.

तांबं की अ‍ॅल्युमिनियम यावर दुकानात वाद फार होतात. तांबं उष्णता जास्त वाहतं हे खरंच. पण तांब्याच्या रेडिएटरमध्ये फक्त जाळी तांब्याची असते. नळ्या पितळेच्या, आणि पितळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी वाहतं. नळी आणि जाळी यांच्या मधल्या डाखाची वहनक्षमता तर आणखी कमी. अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरमध्ये नळ्या रुंद असतात आणि जाळी थेट त्यांना भट्टीत सांधलेली असते. त्यामुळे त्याच आकाराचा चांगला अ‍ॅल्युमिनियम कोअर थंडाव्यात तांब्याच्या बरोबरीला येतो, वजनाला हलका असतो तो वेगळाच. केवळ थंडावा पाहायचा असता तर आम्ही दुसरा पर्याय घेतला असता, आणि जी गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालते तिच्यासाठी आजही तोच सुचवू.

कच्च्या रस्त्यासाठी प्रश्न दुसरा आहे: फुटला तर कुठे आणि कोण जोडणार? प्लास्टिकची टाकी वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ होते आणि होजच्या तोंडापाशी किंवा कडेला, जिथे पत्रा दुमडून तिला पकडलेलं असतं तिथे, चिरते. ती चीर रस्त्यात जोडली जात नाही. एम-सील काही किलोमीटर जेमतेम धरतं. पितळी टाकीला उमरेड, रामटेक, चिमूर अशा गावातला रेडिएटरवालाही डाख देऊ शकतो. एखादी नळी दगडाने फुटली तर ती दोन्ही टोकांनी बंद करून गाडी चालवता येते. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर मजबूत असतो, पण तो जोडायला टिग वेल्डिंग लागतं आणि ते प्रत्येक गावात नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला भरकटलेला करंट खातो. नंतर जोडलेल्या लाइट, हॉर्न, पंख्याचं अर्थिंग कुणीतरी रेडिएटरच्या पट्टीला दिलेलं असतं, आणि मग नळ्यांना टाचणीएवढी भोकं पडत जातात. तपासायचं असेल तर इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवून व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी कूलंटमध्ये बुडवा, धातूला न लावता. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर आधी अर्थिंग सुधारा, मगच अ‍ॅल्युमिनियमचा विचार करा.

तर ठरलं पहिलं: जुन्या टाक्या, नवा तांब्या-पितळेचा कोअर. नागपुरात जुन्या गाड्यांची आणि ट्रकची कामं इतकी आहेत की कोअर बदलणारे कारागीर अजून टिकून आहेत. खरा निर्णय इथून पुढे होता.

दुकानात पहिला सल्ला मिळतो तो असा: “भाऊ, चार लाइनचा टाका, मे महिन्यातही काटा हलणार नाही.” लाइन म्हणजे कोअरमध्ये एकामागे एक असलेल्या नळ्यांची ओळ; आमच्या गाडीत मूळचा दोन ओळींचा होता. चार ओळी म्हणजे दुप्पट थंडावा, हे गणित बरोबर नाही. मागच्या ओळींना मिळते ती पुढच्या ओळींनी तापवलेली हवा, म्हणून प्रत्येक वाढीव ओळीचा फायदा आधीच्यापेक्षा कमी. त्याच वेळी जाळी जाड झाली की हवा आत ओढायला पंख्याला जोर जास्त लागतो. घरच्या कूलरला पंखा तोच ठेवून खसाचा थर दुप्पट लावला तर खोलीत येणारी हवाच कमी होते, तसंच हे. हायवेवर गाडीचा वेग हवा आत ढकलतो, तिथे जाड कोअर चालून जातो. आमची गाडी तापते वीसच्या वेगात, जिथे सगळी भिस्त पंख्यावर. तिथे चार ओळींचा कोअर दोन ओळींच्या स्वच्छ कोअरपेक्षा वाईटही ठरू शकतो.

जाळीच्या पट्ट्या किती दाट असाव्यात हाही तसाच प्रश्न. कोअरवर एक इंचाची खूण करून पट्ट्या मोजायच्या. बाजारात दहापासून सोळापर्यंत सगळं मिळतं. कागदावर सोळा जास्त थंड करतो. पण जंगलच्या रस्त्यावर फुफाटा, गवताची कुसळं आणि किडे दाट जाळीत असे रुततात की ते पाण्याने सुटत नाहीत, आणि कुसळ एकदा आडवं बसलं की त्यावर धूळ धरते. आम्ही बारा सांगितले. शहरात राहणाऱ्या गाडीला चौदा घ्यायला हरकत नाही. मातीच्या रस्त्यावर बाराच्या वर जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

तीन ओळींचाही विचार केला. त्यासाठी टेप घेऊन बसावं लागतं. एका ओळीमागे कोअरची जाडी साधारण १४ ते १६ मिलिमीटरने वाढते, आणि ती सगळी पंख्याच्या बाजूला गेली तर पंखा आणि जाळी यांच्यातलं अंतर तेवढंच घटतं. उभ्या गाडीत मोजलेलं हे अंतर निदान २० ते २५ मिलिमीटर हवं. कारण इंजिन रबरावर बसलेलं आहे: जोराच्या ब्रेकला, उतारावर, खड्ड्यात ते पुढे सरकतं. जुनं माउंटिंग बसलेलं असेल तर अधिकच. शिवाय नाल्याच्या पाण्यात पंखा फिरत राहिला तर पाण्याला मागे ढकलताना पाती स्वतः पुढे वाकतात आणि जाळीत गोल कापत जातात. अशी गोल चीर पडलेले रेडिएटर पावसाळ्यानंतर दुकानात हमखास दिसतात. पाणी पंख्यापर्यंत येणार असेल तर आधीच पट्टा सैल करून काढावा.

तिसऱ्या ओळीची दुसरी अडचण टाकीची आहे. टाकीचा तळ ज्या पितळी पाटीवर बसतो तिची रुंदी ओळींप्रमाणे वाढते. दोन ओळींची टाकी तीन ओळींच्या पाटीवर बसत नाही. मग एकतर टाकीला पट्टी जोडून ती फुगवतात, म्हणजे डाखाचा एक जास्तीचा लांबलचक जोड, किंवा नव्या पातळ पत्र्याच्या टाक्या बनवतात. मूळच्या टाक्यांचा पत्रा जाड आणि होजची तोंडं बरोबर कोनात असतात. त्या टाकून देण्यासारखं कारण आम्हाला दिसलं नाही. शेवटी मूळ जाडीचाच, दोन ओळींचा, बारा पट्ट्यांचा कोअर घेतला आणि उरलेलं लक्ष हवेच्या वाटेवर दिलं.

कोअर निवडताना दुकानात काय पाहायचं: टॉर्च लावून नळ्यांची टोकं बघा, एकही चेपलेली नको. नळी पितळेची हवी आणि तिची शिवण एकसंध. जाळीला नखाने हलकेच ढकलून बघा, नळीवर डाखाने धरलेली असेल तर सरकत नाही. लोखंडी जाळीला तांब्याचा रंग दिलेला मालही असतो, तो चुंबकाला चिकटतो. खिशात चुंबक ठेवा. तांब्याचा कोअर बराचसा वजनावर विकला जातो, म्हणून स्वस्त कोअर हातात हलका लागला तर जाळीचा पत्रा पातळ आहे असं समजा.

कारागिराचं काम समोर उभं राहून पाहावं, विशेषतः शेवटचा भाग. डाख धरण्यासाठी तेजाब वापरतात. ते नीट धुतलं नाही तर काही महिन्यांत जोडांवर हिरवा फुलोरा येतो आणि तिथूनच गळती सुरू होते. काम झाल्यावर गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून आतून-बाहेरून धुवायला सांगा, आणि त्यानंतर भरपूर साध्या पाण्याने. हा सोडा फक्त तांब्या-पितळेसाठी. अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला तेजाब, कॉस्टिक, धुण्याचा सोडा यांपैकी काहीच लावायचं नाही. मग सगळी तोंडं बंद करून पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरायची. झाकणाच्या दाबापेक्षा थोडा जास्त, सुमारे १.१ ते १.२ बार, आणि काही मिनिटं बुडबुडा येतो का पाहायचं. मोठ्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू देऊ नका, टाकी फुगते. झाकण बसायच्या तोंडाची आतली कड सपाट आहे का, हेही बोटाने तपासा. ती चेपलेली असेल तर नवं झाकणसुद्धा दाब धरणार नाही. शेवटी काळा रंग अगदी पातळ हवा. जाड रंग जाळीवर गोधडी पांघरल्यासारखा बसतो, असं कारागीरच सांगतात.

आता हवेची वाट, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. काउलिंग फुटलेलं किंवा काढून ठेवलेलं असेल तर आधी ते मिळवा. पात्याच्या टोकापासून काउलिंगपर्यंत १५ ते २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी आणि पातं अर्ध्यापेक्षा थोडं जास्त काउलिंगच्या आत. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि वर, बॉडीच्या पत्र्यापर्यंत जे रबराचे पडदे मूळचे असतात, ते जुन्या गाडीत कधीच गळून गेलेले असतात. त्या फटीतून दोन गोष्टी होतात: वेगात आलेली हवा जाळी टाळून निघून जाते, आणि उभ्या गाडीत इंजिनची गरम हवा त्याच फटीतून पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरते. चौकात गाडी तापण्यामागे हे कारण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा फार मोठं निघालं. तीन मिलिमीटर जाडीची रबर शीट कापून, पत्र्याला स्क्रूने धरून या फटी बंद केल्या. एवढ्या कमी खर्चात एवढा परिणाम देणारं दुसरं काम या सगळ्यात नव्हतं.

रेडिएटर रबरी बुशांवरच बसवायचा. कच्च्या रस्त्यावर चेसिस पिळवटते. बुश कडक झालेले असतील किंवा थेट बोल्टने आवळलं असेल तर ती पीळ टाक्यांच्या जोडावर येते. होज दोन्ही नवीन. खालच्या होजमध्ये आत स्प्रिंग असेल तर नव्यातही ती घाला, नाहीतर पंपाच्या ओढीने होज चपटा होतो आणि हायवेवर गाडी तापते. थर्मोस्टॅट नवा, मूळ आकड्याचाच, ८२ असेल तर ८२, ८८ असेल तर ८८. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत इथे सर्रास आहे. एमपीएफआय गाडीत त्यामुळे हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तापतच नाही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल जास्त सोडत राहतो, आणि सिलिंडर झिजतात. निकामी रेडिएटर झाकण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

कूलंट आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ या मानकाचं, आणि डाखाच्या रेडिएटरला चालतं असं लिहिलेलं घ्यावं. फक्त सेंद्रिय आम्लांवर चालणारी काही लाँग लाइफ कूलंट शिशाच्या डाखाला खातात. घट्ट (पाणी मिसळून वापरायच्या) कूलंटचं प्रमाण नागपुरात ३० ते ३५ टक्के पुरतं. पाणी गोठण्याची इथे भीती नाही, आणि निम्मं कूलंट घातलं तर मिश्रण साध्या पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहतं. तीस टक्क्यांहून कमी केलं तर गंजरोधक अपुरे पडतात. उरलेलं पाणी डिमिनरलाइज्ड, बॅटरीत घालतो तेच. जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं पितात, आणि ते विष आहे.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि सावकाश ओता. झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, वरचा होज मधूनमधून दाबा. खालचा होज गरम झाला आणि बुडबुडे थांबले की पातळी पूर्ण करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पुन्हा पाहा, थोडं उतरलेलं असतंच. होजच्या क्लिप पहिल्या तापण्यानंतर एकदा आवळाव्या लागतात.

चाचणी पुन्हा त्याच पद्धतीने. शहरात सेमिनरी हिल्सचा चढ पुरतो. जास्त ताण द्यायचा तर रामटेकच्या गडाचा रस्ता, भर दुपारी, खालच्या गिअरमध्ये. ३८ अंशांच्या हवेत वरच्या होजचं तापमान ९५ वर स्थिरावलं, फरक ६६ वरून ५७ वर आला. म्हणजे ४५ ला १०२, आणि २०१३ सारख्या दिवशी १०५ च्या आसपास. चांगल्या झाकणाखाली उकळण्यापासून तेरा अंश लांब, आणि तेही कूलंटमुळे उत्कलनबिंदू आणखी वाढतो हे न धरता. जाडी न वाढवता, एकही ओळ न वाढवता.

ही स्थिती टिकवायची तर उन्हाळ्यात जंगलातून परतल्यावर जाळी धुणं आलं. पाणी नेहमी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. पुढून मारलं तर तो आणखी आत बसतो. प्रेशर वॉशर जवळून लावला तर पट्ट्या आडव्या होतात, साधी बागेची नळी बरी. एसीचा कंडेन्सर असेल तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कुसळांचा गादीसारखा थर साचतो आणि पुढून तो दिसत नाही. वर्षातून एकदा कंडेन्सरचे बोल्ट सैल करून ती फट साफ करावी. ग्रिलला किड्यांसाठी बारीक मच्छरजाळी लावू नये, हवा तीच अडवते. लावायचीच तर पावसाळ्यानंतर गवत पिकतं त्या दिवसांपुरती, आणि मार्च लागायच्या आत काढून टाकावी.

गाडीत सोबत ठेवण्यासारखं सामान थोडं आहे: वरचा आणि खालचा होज, चार क्लिपा, एक पट्टा, एक चाचणी झालेलं झाकण, पाच लिटर डिमिनरलाइज्ड पाणी, आणि फुटलेली नळी चिमटून बंद करायला नोज प्लायर. नळी चिमटायची तर जाळी थोडी बाजूला सारून नळी वर-खाली दोन्हीकडे कापायची, टोकं दुमडून दाबायची, आणि झाकण पहिल्या खाचेवरच ठेवून दाब न धरता सावकाश जवळच्या गावापर्यंत यायचं.